जुन्या तुकड्यांतून नवे जनुक कसे घडते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीला आनुवंशिकता शिकवताना दरवर्षी एका ठिकाणी वर्ग अडतो. डीएनएतले एखादे अक्षर बदलते, हे मुलांना पटते. त्या बदलाने प्रथिन थोडे वेगळे होते, तेही पटते. मग कोणीतरी हात वर करून विचारते, "सर, पण अख्खे नवे जनुक कुठून आले?" तास संपायला पाच मिनिटे असताना याचे उत्तर देता येत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहिले आहे. बहुतेक प्रश्न विद्यार्थ्यांचे आहेत, काही पालकांचे आणि दोन-तीन सहकारी शिक्षकांचे.

नवे जनुक म्हणजे नेमके काय?

पूर्वजांमध्ये नसलेले, वंशजांमध्ये असलेले आणि स्वतःचे वेगळे काम करणारे जनुक. आहे त्याच जनुकात चार अक्षरे बदलली तर आपण त्याला नवे म्हणत नाही, त्याच जनुकाचे दुसरे रूप म्हणतो.

नवे जनुक येण्याचा सर्वांत परिचित मार्ग म्हणजे जुन्याची पूर्ण प्रत निघणे. सुसुमु ओहनो यांनी 1970 मध्ये हा विचार ठामपणे मांडला. एक प्रत जुने काम सांभाळते, त्यामुळे दुसरी बदलायला मोकळी होते. या पानावर मात्र दुसऱ्या मार्गाबद्दल लिहायचे आहे. त्यात एका जनुकाचा तुकडा दुसऱ्या जनुकाच्या तुकड्याला जोडला जातो, आणि दोघांत नसलेले काम करणारे तिसरेच जनुक तयार होते. माझ्या मते उत्क्रांती समजून घेण्यासाठी हा मार्ग जास्त बोलका आहे, कारण यात जोड दिसते. दोन कापडे शिवली की शिवण राहते, तसे या जनुकांत सांधे राहतात आणि ते वाचता येतात.

जनुकाचे तुकडे असतात, हे कधी कळले?

1977 साली. तोपर्यंत जनुक म्हणजे एकसलग मजकूर, असाच समज होता. फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांचे गट सर्दी-खोकल्याच्या अ‍ॅडेनोव्हायरसवर स्वतंत्रपणे काम करत होते. विषाणूचा डीएनए आणि त्यावरून तयार झालेला आरएनए एकमेकांना जुळवून त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आरएनएचा धागा डीएनएवर सलग बसेना. मधूनमधून डीएनएचे फुगवटे बाहेर लोंबत होते. म्हणजे डीएनएतला बराच मजकूर आरएनएत आलेलाच नव्हता, तो कापून टाकलेला होता. या शोधासाठी दोघांना 1993 चे नोबेल मिळाले.

जो मजकूर राहतो त्याला एक्झॉन म्हणतात आणि जो कापून जातो त्याला इंट्रॉन. कापाकापीच्या क्रियेला स्प्लायसिंग म्हणतात. हे प्रमाण किती टोकाला जाते ते पाहायचे असेल तर स्नायूंमधल्या डिस्ट्रॉफिनचे जनुक पाहा. ते सुमारे 22 लाख अक्षरांचे आहे आणि त्यात 79 एक्झॉन आहेत. कापून-जोडून तयार होणारा आरएनए मात्र जेमतेम 14 हजार अक्षरांचा.

एवढा मजकूर लिहायचा आणि फेकून द्यायचा, यात काय फायदा?

हाच प्रश्न वॉल्टर गिल्बर्ट यांनी 1978 मध्ये विचारला. "एक्झॉन" आणि "इंट्रॉन" हे शब्दही त्यांचेच. त्यांचा मुद्दा साधा होता. डीएनए तुटतो आणि पुन्हा जोडला जातो, हे पेशीत होतच असते. एक्झॉनच्या मधोमध तुटले आणि भलतीकडे जोडले गेले, तर अक्षर न् अक्षर नेमके जुळावे लागते, नाहीतर मजकूर बिघडतो. इंट्रॉनमध्ये तुटले तर जोड थोडी इकडेतिकडे झाली तरी बिघडत नाही. तो भाग नंतर कापलाच जाणार असतो. लांबलचक इंट्रॉन म्हणजे तुकड्यांच्या अवतीभवती सोडलेली मोकळी जागा. तिथे ओबडधोबड जोडकामही चालून जाते.

इंट्रॉन याच कारणासाठी निर्माण झाले, असा याचा अर्थ नाही. उत्क्रांती पुढचे पाहून तरतूद करत नाही. ते आले वेगळ्या कारणांनी. पण आल्यावर त्यांच्यामुळे तुकड्यांची अदलाबदल सोपी झाली.

मग कुठलाही तुकडा कुठेही बसतो का?

नाही. इथे जरा थांबू, कारण पुढच्या पुराव्यांची किल्ली इथेच आहे.

पेशी आरएनए वाचते ती तीन-तीन अक्षरांनी. तीन अक्षरांचा एक शब्द, एका शब्दाला एक अमिनो आम्ल. मधे जागा नाही, स्वल्पविराम नाही. सुरुवातीपासून तीन-तीन मोजत जायचे.

वर्गात मी कार्डशीटच्या पट्ट्या देतो. त्यावर चौकटी आणि चौकटीत एकेक अक्षर. मुख्य पट्टी अशी:

शरद परत सहज हसत

मुलांनी ती कात्रीने कापून मधे दुसरी पट्टी गोंदाने चिकटवायची आणि पुन्हा तीन-तीन अक्षरांनी वाचायची. "सतत" घातले तर "शरद परत सतत सहज हसत" असे होते, काही बिघडत नाही. गेल्या वर्षी शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने "अचानक" घातले. शब्द चांगला अर्थपूर्ण आहे, पण चार अक्षरांचा. तिने वाचायला सुरुवात केली: "शरद परत अचान कसह जहस त." वाचता वाचता ती स्वतःच थांबली. घातलेला तुकडा निर्दोष होता, तरी त्याच्यापुढचे सगळे वाया गेले.

आता पुढची पायरी. इंट्रॉन दर वेळी दोन शब्दांच्या मधेच येतो असे नाही. पुष्कळदा तो शब्दाच्या आत असतो, पहिल्या अक्षरानंतर किंवा दुसऱ्या अक्षरानंतर. समजा कात्री "श" नंतर चालली. तिथे "हर सतत श" ही पट्टी घाला. वाचा: "शहर सतत शरद परत सहज हसत." सांध्यावर एक नवा शब्द तयार झाला, पण पुढचा मजकूर शाबूत राहिला. का? कारण घातलेल्या तुकड्याच्या दोन्ही कडा एकाच जातीच्या आहेत. तो शब्दाच्या पहिल्या अक्षरानंतर सुरू होतो आणि दुसऱ्या एका शब्दाच्या पहिल्या अक्षरानंतर संपतो. जिथे कापले ती जागाही पहिल्या अक्षरानंतरचीच आहे.

जीवशास्त्रात या जातीला इंट्रॉनची "फेज" म्हणतात. दोन शब्दांच्या मधे असेल तर शून्य, पहिल्या अक्षरानंतर असेल तर एक, दुसऱ्यानंतर असेल तर दोन. ज्या एक्झॉनच्या दोन्ही बाजूंना सारखीच फेज असते तो सममित एक्झॉन. असाच तुकडा त्याच फेजच्या इंट्रॉनमध्ये निर्धोक बसतो. हंगेरीचे लास्लो पात्थी यांनी 1980 च्या दशकात दाखवले, की प्राण्यांच्या ज्या प्रथिनांत असे तुकडे फिरलेले दिसतात तिथे एक-एक फेजचे, म्हणजे दोन्ही बाजूंना फेज एक असलेले, एक्झॉन फार मोठ्या प्रमाणात आढळतात. तुकडे खरोखर फिरले असतील तर नेमके हेच दिसायला हवे.

तुकडे जागा सोडतात तरी कसे?

याचे अनेक रस्ते आहेत. महत्त्वाचे तेवढे सांगतो.

अंडपेशी आणि शुक्रपेशी तयार होताना जोडीतली गुणसूत्रे एकमेकांत देवाणघेवाण करतात. शेजारी-शेजारी दोन सारखी जनुके असतील तर जुळणी चुकू शकते, आणि एका जनुकाचे डोके दुसऱ्याच्या धडाला लागते. आपल्या डोळ्यांतील लाल आणि हिरव्या रंगांसाठीची जनुके एक्स गुणसूत्रावर अशीच शेजारी आहेत आणि त्यांच्यात फार थोडा फरक आहे. जेरेमी नॅथन्स यांच्या गटाने 1986 मध्ये दाखवले, की लाल-हिरव्या रंगांधत्वामागे बऱ्याचदा अशी मिश्र झालेली किंवा गळालेली जनुके असतात.

दुसरा रस्ता उलट नकलेचा. जनुकावरून आरएनए तयार होतो, इंट्रॉन कापले जातात, आणि मग त्या आरएनएवरून पुन्हा डीएनए तयार होऊन तो जनुकसंचात कुठेतरी घुसतो. हे काम करणारे एन्झाइम येते "लाइन-1" सारख्या उड्या मारणाऱ्या डीएनएकडून. अशा घुसलेल्या प्रतीची ओळख पक्की असते. तिच्यात इंट्रॉन नसतात आणि शेवटी "ए" अक्षरांची शेपटी असते.

तिसरा रस्ता थेट वाहतुकीचा. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात उड्या मारणारा डीएनए शोधला आणि 1983 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. असे काही घटक उडी मारताना शेजारच्या जनुकाचे तुकडेही पोटात घेऊन जातात. आपल्या रोजच्या भाताच्या जनुकसंचात असे सुमारे 3,000 वाहक मोजले गेले आहेत, आणि त्यांच्या पोटात 1,000 हून जास्त जनुकांचे तुकडे आहेत. 2004 मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्यातल्या किती जोडण्या भाताच्या खरोखर उपयोगी पडतात यावर मतभेद आहेत. पण कच्चा माल किती पडून आहे याची कल्पना येते.

एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगाल का?

सांगतो. माझे सर्वांत आवडते उदाहरण आहे जिंगवेई.

पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटे आपण पाहतो, त्या फळमाशीच्या आफ्रिकेतल्या दोन भावंड जाती आहेत: ड्रोसोफिला याकुबा आणि ड्रोसोफिला टेसिएरी. फळमाश्या आंबलेल्या फळांत राहतात, त्यामुळे अल्कोहोल पचवणारे एक जनुक त्यांच्याकडे असतेच. त्याचे नाव एडीएच. या दोन जातींत एडीएचची एक जास्तीची प्रत सापडली. तिच्यात इंट्रॉन नव्हते, म्हणजे ती उलट नकलेने आलेली. अशा प्रती बहुतेक वेळा मृत असतात. जिथे पडतात तिथे त्यांना चालू करणारा मजकूर नसतो. त्यामुळे हीसुद्धा मृतच मानली गेली.

मॅन्युआन लाँग आणि चार्ल्स लँगली यांनी ती पुन्हा तपासली. माणसा-माणसांत असतात तसे एका जातीच्या माश्यांतही डीएनएचे बारीक फरक असतात. जनुक मेलेले असेल तर हे फरक कसेही पडतात, प्रथिन बिघडवणारे आणि न बिघडवणारे दोन्ही. इथे सापडलेले फरक बहुतांश न बिघडवणारे होते. म्हणजे बिघाड झालेल्या माश्या नैसर्गिक निवडीत मागे पडत होत्या. मृत जनुकाची अशी राखण कोणी करत नाही. ते जिवंत होते.

मग सांधा दिसला. ही प्रत यांदे नावाच्या दुसऱ्याच जनुकात जाऊन पडली होती. यांदेचे सुरुवातीचे एक्झॉन आणि एडीएचचा मजकूर एकत्र वाचला जाऊन एक नवे प्रथिन तयार होत होते. ही जोड घडल्याचा काळ निघतो सुमारे 20 ते 25 लाख वर्षांपूर्वीचा. उत्क्रांतीच्या हिशेबात हे कालपरवाचे आहे. म्हणूनच सांधे अजून स्वच्छ दिसतात. 1993 मध्ये हे काम प्रसिद्ध झाले.

नावाची गोष्ट अशी. चिनी पुराणकथेत सम्राटाची मुलगी समुद्रात बुडून मरते आणि जिंगवेई नावाचा पक्षी होऊन पुन्हा जन्म घेते. मेलेले समजलेले जनुक जिवंत निघाले, म्हणून त्याला तिचे नाव दिले.

पुढे 2004 मध्ये या प्रथिनाचे काम तपासले गेले. मूळ एडीएचच्या तुलनेत ते लांब साखळीच्या अल्कोहोलांवर चांगले चालते. जेरॅनिऑल आणि फार्नेसॉल ही त्यांतली दोन. दोन जुन्या तुकड्यांच्या जोडीतून आणि त्यानंतर निवडीने टिकवलेल्या बदलांतून आवड बदललेले नवे एन्झाइम मिळाले.

माणसाच्या शरीरात अशी जोडलेली प्रथिने आहेत का?

भरपूर. त्यातले एक तर औषध म्हणून आपल्या परिचयाचे आहे. पक्षाघाताच्या रुग्णाला वेळेत दवाखान्यात नेले तर गुठळी विरघळवण्याचे जे इंजेक्शन देतात, त्यात बहुधा टीपीए हे प्रथिन असते. ते आपल्या शरीरातही तयार होते. त्याची रचना पाहा. सुरुवातीला "फिंगर" नावाचा भाग, तसाच भाग फायब्रोनेक्टिन या वेगळ्याच प्रथिनात आहे. मग वाढीला चालना देणाऱ्या ईजीएफ या प्रथिनासारखा भाग. मग "क्रिंगल" नावाचे दोन भाग. आणि शेवटी प्रथिने कापणारी कात्री, जी ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमच्या घराण्यातली आहे. पुढचे भाग गुठळीला जाऊन चिकटण्यात मदत करतात, मागचा भाग कापण्याची क्रिया सुरू करतो. एक्झॉनच्या सीमा या भागांच्या सीमांशी जुळतात. फिंगरसाठी एक एक्झॉन, ईजीएफसाठी एक.

दुसरे उदाहरण कोलेस्टेरॉलचे. रक्तातले एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, पेशीत ओढून घेणाऱ्या ग्राहक प्रथिनाचे (रिसेप्टरचे) जनुक 18 एक्झॉनचे आहे. 1985 मध्ये ते वाचून झाले तेव्हा त्यातल्या 13 एक्झॉनची नाती इतर प्रथिनांशी निघाली. काही एक्झॉन ईजीएफच्या पूर्वप्रथिनाशी जुळणारे, काही रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या सी-9 या प्रथिनाशी. हे काम मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांच्या प्रयोगशाळेतले. त्याच वर्षी त्या दोघांना कोलेस्टेरॉलच्या कामासाठी नोबेल मिळाले.

रक्त गोठवणारी प्रथिने, पेशींना एकत्र धरून ठेवणारी प्रथिने, पेशींच्या पृष्ठभागावरचे ग्राहक, या सगळ्यांत हा प्रकार विशेष दिसतो. अनेक पेशींचे शरीर उभे करायला ज्या प्रथिनांची गरज पडली, त्यांतच तुकड्यांची जोडाजोड जास्त झाली आहे.

एखाद-दुसऱ्या वेळी झालेला योगायोग असेल, नाही का?

ही शंका रास्त आहे आणि तिला सुंदर उत्तर आहे. ते माकडांत सापडते.

ट्रिम-5 हे प्रथिन पेशीत घुसलेल्या काही विषाणूंच्या कवचाला पकडते आणि त्यांचा पुढचा प्रवास थांबवते. त्याचा मागचा भाग पकडण्याचे काम करतो. दक्षिण अमेरिकेतल्या निशाचर माकडांवर एचआयव्हीचा परिणाम होत नाही, याचे कारण शोधताना 2004 मध्ये लक्षात आले, की त्यांच्या ट्रिम-5 जनुकात दुसऱ्याच एका जनुकाची, सायक्लोफिलिन-एची, उलट नक्कल येऊन पडली आहे. लाइन-1 च्या यंत्रणेने आणलेली. त्यामुळे ट्रिम-5 चा पकडणारा भाग जाऊन त्या जागी सायक्लोफिलिन आले. सायक्लोफिलिन एचआयव्हीच्या कवचाला मुळातच चिकटते. म्हणजे हाताचा पंजा बदलला आणि पकड नव्या विषाणूवर बसली.

ही जोड एचआयव्हीसाठी झालेली नाही. त्या माकडांच्या पूर्वजांनी एचआयव्ही पाहिलेलाच नव्हता. कुठल्यातरी जुन्या विषाणूविरुद्ध ती उपयोगी ठरली असावी.

आता खरी गोष्ट. 2007-2008 मध्ये आशियातल्या मकाक माकडांत पुन्हा हीच जोड सापडली. तेच ट्रिम-5, तेच सायक्लोफिलिन. पण घुसल्याची जागा वेगळी! निशाचर माकडांत ती एका इंट्रॉनमध्ये आहे, मकाकांत जनुकाच्या शेपटीजवळ. म्हणजे ही घटना दोन वेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे घडली. उत्तर भारतात देवळांच्या आवारात दिसणारी लाल तोंडाची ऱ्हीसस माकडे आहेत ना, त्यांच्यातल्या काहींच्या अंगात हे जोडजनुक आहे. त्याने एचआयव्ही-1 अडत नाही, पण एचआयव्ही-2 अडतो. सारखाच तुकडा दोनदा, दोन खंडांत, सारख्याच उपयोगाला आला. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो.

तुकड्याचे काम पूर्णपणे बदलू शकते का?

अंटार्क्टिकाच्या माशांत बदलले आहे. तिथले समुद्राचे पाणी उणे 1.9 अंशांपर्यंत थंड असते. खारट असल्याने ते द्रव राहते. माशाचे रक्त मात्र तेवढे खारट नसते, ते याच्या आधीच गोठायला हवे. नोटोथेनिऑइड गटातले मासे टिकतात, कारण त्यांच्या रक्तात बर्फाच्या कणांना चिकटून त्यांची वाढ रोखणारे प्रथिन आहे. आर्थर डीव्हराइस यांनी ते 1960 च्या दशकात शोधले.

त्याचे जनुक कुठून आले? 1997 मध्ये उत्तर मिळाले: ट्रिप्सिनोजेनपासून, म्हणजे स्वादुपिंडात तयार होणाऱ्या पाचक एन्झाइमच्या जनुकापासून. जनुकाची दोन टोके ट्रिप्सिनोजेनची राहिली. मधला बहुतेक भाग गळाला. इंट्रॉन आणि एक्झॉनच्या सीमेवरची नऊ अक्षरे मात्र पुन्हा पुन्हा दुणावत गेली. नऊ अक्षरे म्हणजे तीन अमिनो आम्ले: थ्रिओनिन, अ‍ॅलानिन, अ‍ॅलानिन. हीच तिकडी या जनुकात कितीतरी वेळा येते. पाचक एन्झाइम गेले आणि गोठणरोधक आले.

टोके टिकली याला महत्त्व आहे. सुरुवातीच्या टोकात "हे प्रथिन पेशीबाहेर पाठवा" असा पत्ता असतो. तो तयारच मिळाला. म्हणून हे प्रथिनही स्वादुपिंडातून आतड्यात येते, आणि पाण्याबरोबर गिळलेले बर्फाचे कण पहिल्यांदा तिथेच पोहोचतात.

प्रत्येक नवे जनुक असेच तुकड्यांतून येते का?

नाही. उत्तर ध्रुवाकडच्या कॉड माशांत जवळपास तसेच गोठणरोधक प्रथिन आहे, तीच तिकडी पुन्हा पुन्हा. पण ते ट्रिप्सिनोजेनमधून आलेले नाही. ते पूर्वी कुठलेही प्रथिन न बनवणाऱ्या डीएनएतून घडले आहे. म्हणजे कोऱ्या जागेतूनही जनुक येऊ शकते. पूर्ण प्रतीतून येते, तुकड्यांतून येते, कोऱ्यातूनही येते. कुठले कसे आले हे जनुक वाचूनच ठरवावे लागते.

फक्त माणसात आलेले असे काही जनुक?

एआरएचगॅप-11बी. चिंपांझीच्या वंशापासून आपण वेगळे झाल्यानंतर, सुमारे 50 लाख वर्षांपूर्वी, एका जनुकाची अर्धवट प्रत निघाली. पुढे तिच्यात एकच अक्षर बदलले, त्याने स्प्लायसिंगची नवी जागा तयार झाली, 55 अक्षरे कापली जाऊ लागली आणि प्रथिनाला पूर्णपणे नवी शेपटी मिळाली. जर्मनीत ड्रेस्डेनला विलंड हुटनर यांच्या गटाने 2015 मध्ये हे जनुक उंदरांच्या भ्रूणात घातले, तेव्हा मेंदूच्या बाह्यपटलातल्या मूळ पेशी वाढल्या आणि काहींत घड्याही पडल्या. निअँडर्थल माणसांतही हे जनुक होते. "बुद्धीचे जनुक सापडले" अशा मथळ्यांवर विश्वास ठेवू नका. एका जनुकाने माणूस झालेला नाही.

आपल्या शरीरात प्रतिपिंडांसाठी रोज तुकडे जोडले जातात. ते हेच का?

तत्त्व जवळचे, पण एक मोठा फरक आहे. 1976 मध्ये सुसुमु तोनेगावा आणि नोबुमिची होझुमी यांनी दाखवले, की प्रतिपिंडाचे जनुक भ्रूणात सुटे असते आणि बी पेशीत, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशीत, जोडले जाते. तोनेगावा यांना 1987 मध्ये नोबेल मिळाले. प्रतिपिंडाच्या मोठ्या भागासाठी, म्हणजे जड साखळीसाठी, व्ही प्रकारचे काही डझन तुकडे, डी प्रकारचे 23 आणि जे प्रकारचे 6. प्रत्येक पेशी यातून एकेक निवडते. म्हणूनच मोजक्या जनुकांतून कोट्यवधी प्रतिपिंडे होतात. पण ही जोडणी त्या पेशीपुरती असते, मुलांना जात नाही. उत्क्रांतीत टिकायचे तर जोड अंडपेशीत किंवा शुक्रपेशीत व्हावी लागते.

गंमत अशी, की हे कापण्या-जोडण्याचे काम करणारी रॅग प्रथिने स्वतःच उड्या मारणाऱ्या डीएनएतून आली आहेत. 1998 मध्ये प्रयोगशाळेत ती तशी उडी घडवू शकतात हे दिसले, आणि 2016 मध्ये अ‍ॅम्फिऑक्सस या माशासारख्या छोट्या समुद्री प्राण्यात त्यांचा जिवंत नातेवाईक सापडला.

एकाच जनुकातले एक्झॉन वेगवेगळ्या प्रकारे जोडणे म्हणजेही हेच का?

नाही, यात नेहमी गोंधळ होतो. त्याला पर्यायी स्प्लायसिंग म्हणतात. तिथे डीएनए जागचा हलत नाही, आरएनएची जोडणी बदलते. फळमाशीच्या डीएसकॅम या एकाच जनुकातून या पद्धतीने 38,016 प्रकार होऊ शकतात. परीक्षेत दोन्ही एकच लिहिले तर गुण जातील.

अशा जोडण्या घातक नसतात का?

बहुतेक निरुपयोगी असतात, बऱ्याच घातक असतात. 1960 मध्ये रक्ताच्या एका कर्करोगात छोटे झालेले एक गुणसूत्र दिसले. ते फिलाडेल्फिया गुणसूत्र. 1973 मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवले, की 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांनी तुकडे बदलले आहेत. त्यातून बीसीआर आणि एबीएल ही जनुके जोडली जातात आणि पेशीला सतत "वाढ" असा आदेश मिळतो. इथेही तुटण्याच्या जागा इंट्रॉनमध्ये आहेत, म्हणूनच जोडलेले प्रथिन नीट वाचले जाते. नवे जनुक घडवणारी तीच सोय इथे रोग घडवते. त्या एकाच सांध्याच्या प्रथिनावर नेम धरून बनवलेले इमॅटिनिब हे औषध 2001 पासून वापरात आहे. आजार नियंत्रणात ठेवून वर्षानुवर्षे नेहमीचे आयुष्य जगणारे रुग्ण आज आपल्या आसपास आहेत.

भंगाराच्या ढिगाऱ्यावरून वादळ गेले तर विमान तयार होईल का? मग तुकड्यांतून जनुक कसे?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी कधीच गप्प करत नाही, कारण अडचण खरी आहे. सुटी अक्षरे उधळून काम करणारे लांबलचक प्रथिन मिळणे फार दुर्मीळ. पण इथे अक्षरे उधळली जात नाहीत. क्रिंगल किंवा ईजीएफसारखा भाग स्वतःचा स्वतः घडी घालतो, शेजारी कोणीही असो. तो आधीच निवडीतून तावूनसुलाखून निघालेला असतो. चिकटणे, कापणे, बाहेर पाठवणे, अशी कामे त्याला येत असतात. तयार भाग शेजारी आले की नवे काम निघण्याची शक्यता बरीच वाढते. शिवाय हे एका झटक्यात पूर्ण होत नाही. जोड लागल्यावर जिंगवेईसारखे जनुक पुढे लाखो वर्षे बदलत आणि घासत राहते. आणि फसलेल्या असंख्य जोडण्या आपल्याला दिसत नाहीत, त्या टिकलेल्याच नसतात.

जिवाणूंतही असे होते का?

तुकडे तिथेही जोडले जातात, पण असे कापून जाणारे इंट्रॉन त्यांच्यात नसल्याने इंट्रॉनच्या आधाराने होणारी अदलाबदल तिथे नाही. सर्वांत पहिली जनुकेच तुकड्यांतून घडली, असे गिल्बर्ट यांना वाटत असे. त्यावर अनेक वर्षे वाद झाला. आज बहुतेकांचे मत असे, की हे इंट्रॉन केंद्रक असलेल्या पेशींच्या वंशात आले आणि तुकड्यांच्या फिरण्याला खरा जोर प्राण्यांत आला.

विद्यार्थ्याला हे स्वतः पाहता येईल का?

येईल, मोबाइलवर आणि फुकट. एन्सेम्बल हे जनुकांचे सार्वजनिक संकेतस्थळ उघडा आणि माणसाच्या जनुकांत पीएलएटी शोधा. टीपीएचे हेच जनुक. त्याचा मुख्य आरएनए निवडा आणि एक्झॉनच्या तक्त्यावर जा. प्रत्येक एक्झॉनसमोर सुरुवातीची आणि शेवटची फेज दिलेली असते. वहीत तीन रकाने आखा: एक्झॉनचा क्रमांक, सुरुवातीची फेज, शेवटची फेज. एक-एक असलेल्या ओळींवर खूण करा, मग त्या ओळी प्रथिनाच्या कुठल्या भागात पडतात ते ताडून पाहा. तासाभराचे काम आहे. अडले तर वही घेऊन मधल्या सुट्टीत या, प्रयोगशाळेत बसून बघू.